तेरहाची साठ वर्षे: पूर्वजांच्या वयांचा हिशोब कसा मांडावा

उत्पत्तीचे पुस्तक थोडे सावकाश वाचणाऱ्या माणसाला अकराव्या-बाराव्या अध्यायात एक बेरीज हमखास अडवते. तेरह सत्तर वर्षांचा झाल्यावर त्याला अब्राम, नाहोर आणि हारान हे मुलगे झाले, असे ११:२६ मध्ये आहे. तेरह दोनशे पाच वर्षांचा होऊन हारान गावी वारला, असे ११:३२ सांगते. अब्राम हारान सोडून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता, असे १२:४ मध्ये आहे. सत्तर अधिक पंचाहत्तर म्हणजे एकशे पंचेचाळीस; याचा अर्थ अब्राम निघाला तेव्हा बापाचे आयुष्य अजून साठ वर्षे शिल्लक होते. पण प्रेषितांची कृत्ये ७:४ मध्ये येशूचा अनुयायी स्तेफन न्यायसभेपुढे स्पष्ट म्हणतो की, बाप मेल्यावर देवाने अब्राहामाला (अब्रामाचे हे नंतरचे नाव) तेथून या देशात आणले. मग ही साठ वर्षे गेली कुठे?

बायबल अभ्यासाच्या वर्गात हा प्रश्न निघाला की दोनच प्रतिक्रिया उमटतात. कुणी म्हणतो, ‘अशा गोष्टींत शिरू नये’, तर कुणी म्हणतो, ‘बघा, सापडली चूक’. दोघांनीही वही उघडलेली नसते. हा लेख वही उघडणाऱ्यांसाठी आहे. आकडे कसे लिहावेत, कोणत्या क्रमाने तपासावेत आणि कोणत्या टप्प्यावर थांबावे, हे प्रत्यक्ष उदाहरणे सोडवत येथे मांडले आहे.

वही, पेन आणि पेन्सिल

हिशोबासाठी दुरेघी वहीचे एक पान आडवे धरावे आणि त्यावर तीन रकाने आखावेत: वचनाचा संदर्भ, वचनात प्रत्यक्ष काय म्हटले आहे, आणि त्यावरून मी काय काढले. पहिले दोन रकाने पेनाने भरावेत, तिसरा फक्त पेन्सिलीने. हा भेद क्षुल्लक वाटेल, पण निम्मे काम तोच करतो. ‘अब्राम पंचाहत्तर वर्षांचा होता’ हे पेनाचे वाक्य आहे. ‘अब्रामाच्या जन्माच्या वेळी तेरह सत्तर वर्षांचा होता’ हे मात्र पेन्सिलीचे वाक्य आहे, कारण शास्त्रात ते जसेच्या तसे कुठेही लिहिलेले नाही. ११:२६ वाचताना आपण ते मनात तयार करतो. विसंगती म्हणून पुढे येणाऱ्या बहुतेक गोष्टी पेनाच्या दोन वाक्यांमधल्या नसतात, तर पेनाचे एक वाक्य आणि आपण नकळत पेनाने लिहून टाकलेले पेन्सिलीचे एक वाक्य यांच्यामधल्या असतात.

दुसरी तयारी म्हणजे कणा उभा करणे. जगाच्या उत्पत्तीपासून मोजायला जाऊ नये. तिथे हस्तलिखितांचे भेद मध्ये येतात, त्यांच्याकडे नंतर वळू. अब्राहामाच्या जन्माचे वर्ष शून्य धरावे. इश्माएल झाला तेव्हा अब्राम शहाऐंशी वर्षांचा होता (१६:१६), म्हणून इश्माएलाचा जन्म वर्ष ८६. इसहाक झाला तेव्हा अब्राहाम शंभर वर्षांचा होता (२१:५), म्हणून वर्ष १००. एसाव आणि याकोब जन्मले तेव्हा इसहाक साठ वर्षांचा होता (२५:२६), म्हणून वर्ष १६०. याकोब फारोपुढे उभा राहिला तेव्हा त्याने स्वतःच आपले वय एकशे तीस सांगितले (४७:९), म्हणून मिसरात उतरण्याचे वर्ष २९०. मृत्यूंची वर्षेही याच कण्यावर बसवावीत: अब्राहाम १७५ (२५:७), इश्माएल एकशे सदतिसाव्या वर्षी म्हणजे २२३ (२५:१७), इसहाक एकशे ऐंशीव्या वर्षी म्हणजे २८० (३५:२८), याकोब एकशे सत्तेचाळिसाव्या वर्षी म्हणजे ३०७ (४७:२८). महिन्यांचा हिशोब दिलेला नसल्याने प्रत्येक आकड्यात एखाद्या वर्षाची ढिलाई गृहीत धरावी.

येथे एक सावधगिरी स्वानुभवातून सांगतो. एकदा फळ्यावर हा कणा मांडताना मी इसहाकाच्या लग्नाचे वय, म्हणजे चाळीस (२५:२०), याकोबाच्या जन्माच्या जागी लिहिले. पुढचे सगळे आकडे वीस वर्षांनी सरकले, आणि वर्गातल्या एका शांत बसलेल्या बाईंनी ‘सर, इसहाक दोनदा मरतोय’ असे म्हणेपर्यंत मला पत्ता नव्हता. कणा मांडून झाला की एका मृत्यूच्या वयाने तो उलट तपासून घ्यावा.

योसेफाचे वय कुठेच थेट कण्याला जोडलेले नाही, पण ते काढता येते. फारोपुढे उभा राहिला तेव्हा तो तीस वर्षांचा होता (४१:४६). त्यानंतर सुकाळाची सात वर्षे गेली, आणि दुष्काळाची दोन वर्षे सरली असता त्याने बापाला बोलावून घेतले (४५:६). म्हणजे वर्ष २९० मध्ये योसेफ साधारण एकोणचाळीस वर्षांचा आणि त्याचा जन्म वर्ष २५१ च्या सुमाराचा. तेव्हा याकोब एक्क्याण्णव वर्षांचा. योसेफ झाल्यावर याकोबाने सासरा लाबान याच्याकडे स्वदेशी परत जाण्याची परवानगी मागितली (३०:२५), तेव्हा चौदा वर्षांची चाकरी पुरी झाली होती, हे ३१:४१ वरून दिसते. म्हणजे घर सोडून तो लाबानाकडे गेला तेव्हा सत्याहत्तर वर्षांचा होता. चित्रांच्या पुस्तकांत दगडावर डोके ठेवून झोपलेला तो विशीतला तरुण हिशोबात टिकत नाही. हे आकडे पेन्सिलीचे आहेत, पण पक्क्या पेन्सिलीचे.

कथेचा क्रम आणि काळाचा क्रम

कणा तयार झाल्यावर पहिली तपासणी करायची ती एवढीच: दोन घटना ज्या क्रमाने सांगितल्या आहेत, त्याच क्रमाने त्या घडल्या, असे मी गृहीत धरले आहे का? अब्राहामाचा मृत्यू आणि दफन २५:७-१० मध्ये येते आणि याकोबाचा जन्म त्यानंतर २५:२६ मध्ये. पण कण्यावर पाहिले तर अब्राहाम गेला त्या वर्षी याकोब पंधरा वर्षांचा होता. नातवाने आजोबाला पाहिले होते.

याहून ठळक उदाहरण इसहाकाचे आहे. त्याचा मृत्यू पस्तिसाव्या अध्यायाच्या शेवटी येतो आणि योसेफाला विकण्याची गोष्ट सदतिसाव्या अध्यायात येते, म्हणून इसहाक आधी वारला असे वाटत राहते. योसेफ सतरा वर्षांचा होता (३७:२), म्हणजे ते वर्ष २६८. इसहाक वारला वर्ष २८० मध्ये. नातवाचा रक्ताने माखलेला झगा घरी आला तेव्हा म्हातारा इसहाक जिवंत होता आणि त्यानंतर आणखी बारा वर्षे जगला. योसेफ तुरुंगातून सुटण्याच्या साधारण वर्षभर आधी त्याने डोळे मिटले. हे लक्षात आल्यावर ती गोष्ट पूर्वीसारखी वाचता येत नाही.

असे होण्याचे कारण पुस्तकाच्या रचनेत आहे. उत्पत्तीचे भाग ‘तोलदोत’ या हिब्रू शब्दाने सुरू होतात. मराठीत तिथे ‘वंशावळ’ किंवा ‘वृत्तांत’ असे शब्द येतात. एका माणसाचे प्रकरण मिटवून मगच दुसऱ्याचे उघडायचे, ही त्या लेखनाची शिस्त आहे, आणि आपल्याकडच्या कुळांच्या वंशावळीही पुष्कळदा अशाच लिहिलेल्या असतात. तेव्हा ११:३२ मध्ये तेरहाचा मृत्यू आणि १२:४ मध्ये अब्रामाचे निघणे या क्रमावरून काहीच सिद्ध होत नाही. केवळ उत्पत्ती हातात असते तर प्रश्न येथेच मिटला असता. तो मिटत नाही, कारण स्तेफनाने ‘बाप मेल्यावर’ असे स्वतंत्रपणे म्हटले आहे.

तेरहाकडे परत

म्हणून आता पेन्सिलीचे ते वाक्य खोडरबराने पुसावे आणि ११:२६ मध्ये नेमके काय आहे ते पाहावे. सत्तर या एकाच वयापुढे तीन मुलगे दिले आहेत. तिघे जुळे होते असे कुणी म्हणत नाही. म्हणजे सत्तर हे अपत्ये होऊ लागल्याचे वय असले पाहिजे आणि ते तिघांपैकी एकाच्याच जन्माला नेमके लागू पडते. बहात्तरच्या दुष्काळात आम्हाला मुले होऊ लागली, असे एखादी आजी सांगते तेव्हा सगळी भावंडे त्याच साली जन्मली असे आपण समजत नाही.

ही पद्धत पुस्तकात याआधी एकदा आली आहे, आणि तिथे ती तपासून पाहता येते. नोहा पाचशे वर्षांचा झाल्यावर त्याला शेम, हाम आणि याफेथ झाले (५:३२). जलप्रलय नोहाच्या सहाशेव्या वर्षी आला (७:६). प्रलयानंतर दोन वर्षांनी अर्पक्षद झाला तेव्हा शेम शंभर वर्षांचा होता (११:१०). मागे मोजत गेल्यास शेमाच्या जन्माच्या वेळी नोहा पाचशे दोनच्या आसपास येतो, पाचशे नव्हे. शिवाय यादीत मधे असलेल्या हामाला ९:२४ मध्ये धाकटा म्हटले आहे. म्हणजे शेमाचे नाव वयामुळे नव्हे, तर पुढचा वंश त्याच्याकडून चालला म्हणून पहिले आहे. अब्रामाचे नावही त्याच कारणाने पहिले असू शकते.

तो थोरला नसावा याची एक खूण पुढच्याच ओळींत आहे. तेरहाचा मुलगा हारान बापादेखत वारला आणि त्याची मुलगी मिल्का नाहोराची बायको झाली (११:२८-२९). ज्याच्या मुलीशी भाऊ लग्न करतो तो त्या भावापेक्षा बराच मोठा असणार. (येथे मराठी वाचकाची एक अडचण होते: हा माणूस हारान आणि तेरह जिथे वारला ते गाव हारान, ही नावे मराठीत सारखी दिसतात; हिब्रूत त्यांची आद्याक्षरे वेगळी आहेत. माणसाच्या नावावरून गावाचे नाव पडले, अशी गोष्ट रचू नये.)

मग दोनशे पाचातून पंचाहत्तर वजा करून अब्रामाच्या जन्माच्या वेळी तेरह एकशे तीस वर्षांचा होता, असे धरता येते, आणि चारही वचने उभी राहतात. आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात आपली प्रसिद्ध कालगणना मांडताना हाच आकडा घेतला. यहुदी परंपरेतील गणना मात्र सत्तरच धरते. अकराव्या शतकातील फ्रान्समधले भाष्यकार राशी यांनी जुन्या मिद्राशाच्या (शास्त्रवचनांवरील यहुदी विवरणाच्या) आधारे सांगितले की, दुर्जनाला जिवंतपणीच मृत म्हणतात. अब्रामाने म्हाताऱ्या बापाला सोडले असे लोकांनी म्हणू नये म्हणून तेरहाचा मृत्यू आधी लिहिला आहे.

तिसरा मार्ग शोमरोनी पंचग्रंथाचा, म्हणजे शोमरोनी लोकांनी जपलेल्या मोशेच्या पाच पुस्तकांच्या पाठाचा. त्यात तेरहाचे आयुष्य दोनशे पाच नव्हे, तर एकशे पंचेचाळीस दिले आहे. अब्राम त्याच वर्षी निघतो आणि अडचण उरतच नाही. स्तेफनाच्या मनात अशीच एखादी वाचनपरंपरा असेल, असे मानणारे अभ्यासक आहेत. मला हा आकडा जरा जास्तच सोयीचा वाटतो. जो पाठ अडचण नेमकी पुसून टाकतो तो नंतर सुधारलेला असण्याची शक्यता अधिक, हा हस्तलिखितांच्या अभ्यासातला जुना ठोकताळा आहे.

एकशे तीसवरही एक रास्त आक्षेप आहे, आणि तो लपवू नये. शंभर वर्षांच्या माणसाला मूल होईल काय, असे म्हणून अब्राहाम हसला (१७:१७). त्याच्या स्वतःच्या बापाला एकशे तिसाव्या वर्षी तो झाला असता तर त्याला हसू का यावे? यावर कटूरेकडे बोट दाखवतात: बायको सारा वारल्यानंतरच्या अध्यायांत अब्राहामाला कटूरेपासून सहा मुलगे झाल्याचे आले आहे (२५:१-२), म्हणजे अडचण मुख्यतः साराच्या नव्वदीची होती. पण कथेचा क्रम आणि काळाचा क्रम वेगळे असू शकतात, असे आपणच वर म्हटले आहे, त्यामुळे या उत्तरावर फार भार टाकता येत नाही. माझा कल एकशे तीसकडे आहे. वहीत मात्र तो पेन्सिलीनेच राहतो.

चारशे की चारशे तीस

उत्पत्ती १५:१३ मध्ये अब्रामाच्या संततीने परक्या देशात चारशे वर्षे जाच सोसावा असे आहे. निर्गम १२:४० मध्ये इस्राएल लोकांच्या मिसरातल्या राहण्याची चारशे तीस वर्षे दिली आहेत. उत्पत्ती १५:१६ म्हणते की, ते चौथ्या पिढीत परत येतील. आणि गलतीकरांस पत्र ३:१७ मध्ये पौल म्हणतो की, अभिवचनानंतर चारशे तीस वर्षांनी नियमशास्त्र आले. चारशे हा गोळाबेरीज आकडा आहे असे म्हणून पहिली दोन वचने जुळवणे सोपे आहे. खरी अडचण शेवटच्या दोन वचनांत आहे, कारण अब्राहामाला वचन मिळाले ते याकोब मिसरात उतरण्याच्या कितीतरी आधी.

आधी वरची मर्यादा काढावी. कहाथ हा लेवीचा मुलगा, म्हणजे याकोबाचा नातू, मिसरात उतरणाऱ्यांच्या यादीत आहे (उत्पत्ती ४६:११). तो एकशे तेहतीस वर्षे जगला, त्याचा मुलगा अम्राम एकशे सदतीस (निर्गम ६:१८, २०), आणि अम्रामाचा मुलगा मोशे फारोपुढे उभा राहिला तेव्हा ऐंशी वर्षांचा होता (निर्गम ७:७). कहाथ तान्हे बाळ म्हणून मिसरात आला, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी त्याला अम्राम झाला आणि अम्रामाला अखेरच्या वर्षी मोशे झाला, असे अतिरेकी गृहीत धरले तरी १३३ + १३७ + ८० म्हणजे ३५०. चारशे तीस भरत नाहीत.

सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात आणि शोमरोनी पंचग्रंथात निर्गम १२:४० ला मिसराबरोबर कनान देशही जोडलेला आहे. तसे वाचले तर चारशे तीस वर्षे अब्राहामापासून मोजावी लागतात, जसे पौलाने मोजले. कण्यावर पाहा: अब्राम निघाला वर्ष ७५ मध्ये, याकोब मिसरात उतरला वर्ष २९० मध्ये, मधली वर्षे २१५. राहिलेली २१५ मिसरात. बाहेर पडण्याचे वर्ष ५०५. यहुदी परंपरा चारशे वर्षे इसहाकाच्या जन्मापासून, म्हणजे वर्ष १०० पासून मोजते. मग बाहेर पडण्याचे वर्ष ५०० आणि मिसरातली वर्षे २१० येतात. दोन परंपरांत अवघ्या पाच वर्षांचा फरक आहे.

या छोट्या गणनेच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष मोशेच्या आईची आहे. योखबेद ही लेवीची मुलगी, लेवीला मिसर देशात झालेली, असे गणना या पुस्तकात २६:५९ मध्ये आहे. लेवी हा याकोबाची बायको लेआ हिचा तिसरा मुलगा. याकोबाची लग्ने वर्ष २४४ च्या सुमारास झाली, म्हणून लेवीचा जन्म साधारण २४७ चा. तो एकशे सदतीस वर्षे जगला (निर्गम ६:१६), म्हणजे ३८४ च्या सुमारास वारला. योखबेद त्याला अगदी शेवटच्या वर्षी झाली असे धरले, तरी पूर्ण चारशे तीस वर्षे मिसरात मोजल्यास मोशे वर्ष ६४० मध्ये जन्मतो आणि त्याची आई तेव्हा अडीचशेहून अधिक वर्षांची ठरते. २१५ धरल्यास मोशे ४२५ मध्ये जन्मतो आणि आईच्या वयाचा प्रश्न आवाक्यात येतो.

तरीही दुसऱ्या बाजूला एक आकडा ठाण मांडून बसला आहे. गणना ३:२८ मध्ये कहाथाच्या कुळातले एक महिन्याचे व त्याहून अधिक वयाचे पुरुष आठ हजार सहाशे दिले आहेत. कहाथ मोशेचा सख्खा आजोबा असेल तर एका आजोबाचा हा विस्तार दोन पिढ्यांत कसा झाला? म्हणून दीर्घ गणना मानणारे म्हणतात की, निर्गम ६ मधली वंशावळ संक्षिप्त आहे, मधली नावे गाळलेली आहेत. १ इतिहास ७:२०-२७ मध्ये योसेफाचा मुलगा एफ्राइम याच्यापासून मोशेच्या काळातल्या यहोशवापर्यंत कितीतरी अधिक नावे आहेत, हे ते दाखवतात. पौलाचे वचन ते याकोबाला बैर-शेबा येथे पुन्हा मिळालेल्या अभिवचनापासून (उत्पत्ती ४६:२-४) मोजतात. दोन्ही बाजूंचे आकडे समोरासमोर लिहावेत. मी छोटी गणना धरतो, पण आठ हजार सहाशेंपुढे माझ्या वहीत कित्येक वर्षे एक प्रश्नचिन्ह आहे.

हस्तलिखिते कधी उघडावीत

पाठभेदांकडे शेवटी वळावे. ती किल्ली प्रत्येक कुलपाला लागते म्हणूनच ती आधी बाहेर काढू नये. नोहाचा आजोबा मथुशलह याचे उदाहरण पुरेसे आहे. हिब्रू मसोरा पाठात (यहुद्यांनी परंपरेने जपलेल्या प्रमाण पाठात) मुलगा लामेख याच्या जन्माच्या वेळी तो १८७ वर्षांचा, नोहाच्या जन्माच्या वेळी लामेख १८२ वर्षांचा, आणि नोहाच्या सहाशेव्या वर्षी प्रलय. बेरीज ९६९, म्हणजे मथुशलह नेमका प्रलयाच्या वर्षी वारला. सेप्टुअजिंटच्या पुष्कळ प्रतींत हेच आकडे १६७ आणि १८८ आहेत. बेरीज ९५५, आणि आयुष्य तेच ९६९. म्हणजे तारवात नसलेला माणूस प्रलयानंतर चौदा वर्षे जगला! ऑगस्टीनने पाचव्या शतकात यावर सविस्तर लिहून हिब्रू आकड्यांना झुकते माप दिले. येथे मात्र पाठभेद पाहण्याला पर्याय नाही, कारण बेरजेतला प्रत्येक आकडा पेनाचा आहे.

जे पूर्ण जुळत नाही ते

याकोबाचा मुलगा यहूदा याचे प्रकरण मी नेहमी शेवटी घेतो. कण्यानुसार तो योसेफापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा. उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायात, ‘त्या वेळी’ असे म्हणून, त्याचे लग्न, तीन मुलगे, थोरल्या एराचे तामारेशी लग्न, एर व ओनानाचे मृत्यू, शेला मोठा होणे आणि पेरेस-जेरह या जुळ्यांचा जन्म येतो. योसेफाला विकल्यापासून मिसरात उतरेपर्यंत वर्षे आहेत बावीस. फार घाई केली तर जुळ्यांच्या जन्मापर्यंत पोहोचता येते. पण ४६:१२ मध्ये पेरेसाचेही दोन मुलगे, हेस्रोन आणि हामूल, यादीत आहेत. लग्न चार-पाच वर्षे मागे नेले तरी हे बसत नाही.

येथे प्रश्न यादीलाच विचारावा: ही प्रवाशांची यादी आहे काय? योसेफाचे मुलगे मनश्शे आणि एफ्राइम मिसरातच जन्मले, तरी ते ४६:२७ मधल्या सत्तरांत मोजले आहेत. बन्यामिनाच्या दहा मुलग्यांपैकी नामान आणि आर्द हे गणना २६:४० मध्ये त्याचे नातू आहेत. आणि हेस्रोन-हामूल यांची नावे ज्या वचनात आहेत, त्याच वचनात एर व ओनान कनानात वारले असे सांगितले आहे. गेलेल्या दोघांच्या जागी नंतरचे दोघे घातले असावेत, असा त्यावरून अंदाज करता येतो. यादी कुळांची दिसते. हे उत्तर मला पटते. तरी ४६:२६ मधले ‘याकोबाबरोबर मिसरात आले’ हे शब्द पेनाचे आहेत, म्हणून वर्ष २६८ ते २९० या पट्ट्यावर यहूदाच्या ओळीत मी पेन्सिलीची तुटक रेघ ओढून ठेवली आहे आणि ती अजून गिरवलेली नाही.